कामसानीचं नाव

मलेशियात, पोर्ट क्लांगच्या गोदीत कामसानी माझ्या हाताखाली वेल्डिंग शिकला. सांधा वरून चकाकला तरी आत पोकळी आहे का हे तो ठोकून बघायचा. पैशाच्या बाबतीत मात्र त्याने तसं ठोकून पाहिलं नाही. चार क्रेडिट कार्डं आणि लग्नाचं कर्ज. बायको गेली, कर्ज राहिलं. कर्ज सल्ला केंद्राने सगळ्याचा मिळून एक हप्ता बांधून दिला. नऊ वर्षं त्याने तो भरला. त्या काळात त्याने दुपारचं जेवण घरूनच आणलं, बहुतेक भात आणि सुकी मासळी.

हप्ता चालू असताना बँक नवं कर्ज देत नाही, म्हणून मोटरसायकल बहिणीच्या, रुहानाच्या नावावर घेतली. आमच्याकडे असंच चालतं: ज्याचं नाव स्वच्छ त्याची सही, जो चालवतो त्याचे पैसे. साठ हप्ते, दर महिन्याच्या एक तारखेला, बँकेच्या खिडकीवर उभं राहून.

जुनं देणं फिटल्यावर त्याने ठरवलं, आता सगळं रोखीने. तीन वर्षं तसंच चाललं. मग तो ज्या खोल्यांत बावीस वर्षं भाड्याने राहत होता त्या मालकाने विकायला काढल्या. घरमालक म्हातारा चिउ त्याला म्हणाला, "पहिला हक्क तुझा. पुढच्या नववर्षाच्या पुढच्या नववर्षापर्यंत थांबतो. त्याच्यापुढे माझी सून थांबू देणार नाही."

बँकेत मी त्याच्यासोबत गेलो. खिडकीमागची मुलगी पडद्याकडे बघून, काका म्हणावं तशा सुरात म्हणाली, "पाकचिक, तुमच्या नावावर काहीच नाही."

"मग बरंच झालं की."

"बरं कसं? जुन्या हप्त्याची नोंद आता दिसत नाही. तुम्ही फेडता की बुडवता, आम्हाला काय कळणार?"

"मोटरसायकलचे साठ हप्ते भरलेत. एक दिवस उशीर नाही."

"ते रुहाना नावाच्या बाईंनी भरलेत."

त्याच नोंदीवर रुहानाला दोन वर्षांपूर्वी गाडीचं कर्ज मिळालं होतं. गाडी आल्यापासून ती ईदलाही त्याच्याकडे आली नव्हती. त्याने मात्र दर ईदला दार दुपारपर्यंत उघडं ठेवलं.

मुलीने उपाय सांगितला. दोन हजार रिंगिट बँकेत अडकवायचे, तेवढ्याच मर्यादेचं कार्ड घ्यायचं, थोडं वापरायचं, वेळेत पूर्ण भरायचं. निदान वर्षभर.

"पुन्हा कार्ड?" बाहेर आल्यावर तो म्हणाला. मला तो थोरला भाऊ मानून आबांग म्हणायचा. "आबांग, ती चारही कार्डं मी पत्रा कापायच्या कात्रीने कापली होती."

"मग हे कापू नकोस. पेट्रोल भर नि गप्प बस."

त्याने चौदा महिने फक्त पेट्रोल भरलं, एका वेळी बारा रिंगिटचं. बिल आलं की दुसऱ्या दिवशी बँकेत. मोबाइलवरून भर म्हटलं तर ऐकेना. उशीर झाला तर दोष यंत्राचा की माझा, हे कोण ठरवणार, असं म्हणायचा. मला ते पटलं.

चिनी नववर्षाला सहा आठवडे उरले तेव्हा त्याने अर्ज केला. ओळखीच्या दोन माणसांची नावं हवी होती. एक माझं लिहिलं. दुसऱ्या रकान्यावर पेन बराच वेळ थांबलं. शेवटी त्याने रुहानाचं लिहिलं.

तिचा फोन चार दिवसांनी आला. आम्ही चहाच्या टपरीवर होतो. आवाज मोठा होता, मला ऐकू येत होतं.

"आबांग, बँकेने विचारलं, तुम्हाला ओळखते का."

"मग काय सांगितलंस?"

"सख्खा भाऊ आहे म्हटलं. शेवटचं कधी भेटलात विचारलं तर आठवेना. मागच्या महिन्यात असं सांगून टाकलं."

"बरं केलंस."

"येईन एकदा."

"ये."

कर्ज मंजूर झाल्याचं पत्र नववर्षाआधी नऊ दिवस आलं. चिउकडे बयाणा देऊन तो थेट माझ्याकडे आला. पत्र मोठ्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं. घडी घातली.

"रुहानाला कळव," मी म्हणालो.

त्याने फोन हातात घेतला, थोडा वेळ धरला, खिशात ठेवला.

"बँक कळवेल तिला," तो म्हणाला, आणि खोल्यांच्या छताचा गळका पत्रा कधी बदलायचा ते विचारू लागला. मी म्हटलं रविवारी. रविवारी आम्ही दोघांनीच बदलला.