चार व्हायोलिन अन् साबन

लहानू मोठेबाबा म्हनजे माह्या बापाचे मोठे भाऊ. माजरीले राह्यते. दिवसभर कोळशाच्या सायडिंगवर लोडिंग अन् संध्याकाळी भीमगीताच्या पार्टीत व्हायोलिन, अशी जिंदगी काढली त्यायनं. मंग बायकोले शिकवलं, म्हनजे आमच्या सीता मोठीमायले, मंग पोरगी रोशनीले, मंग पोरगा नागसेनले. एका घरात चार व्हायोलिन! इकडे कोनं पाह्यलं होतं असं? जयंतीले वरोरा, भद्रावती, पार एटापल्लीपर्यंत बोलावत होते यायले. चौघायचे गज एकसंग उठले का लोकं टाळ्या वाजवाचं विसरून जात, खरंच सांगतो.

मंग डीजे आला. खतम.

पन मोठेबाबाले डीजेपेक्षा नागसेनचं जास्त लागलं होतं. तो पुन्याले कंपनीत चालला होता. एक गेला का पार्टी तुटते ना.

"बुकिंग येत असन तं थांबतो बाबा," नागसेन म्हने, "नाई तं इथी बसून काय माशा मारू?"

तेवढ्यात कोरपन्याहून निकेशचा फोन. तो लग्नाचे इव्हेंट करते. रिसेप्शनले चारही व्हायोलिन पायजे म्हने. मोठेबाबा तं नाचाचेच बाकी राह्यले! रोज सराव, कपड्याले इस्त्री.

लॉनवर गेले तं निकेशनं कोट देले अन् म्हने, "काका, गाने ट्रॅकवर वाजन. तुमी फक्त हात हालवा. अन् गजाले साबन घासा, माइकमंदी आवाज नाई आला पायजे."

गजाच्या केसाले राळ लावली तं तार बोलते. साबन लावला का गज नुसता घसरते.

"काऊन रे, आमी मुके आहो का?" मोठीमाय भडकली. "चला जी घरी!"

मोठेबाबा नागसेनच्या तोंडाकडे पाहत राह्यले. मंग सोताच बाथरूममधून साबन आनला अन् चारही गजाले घासला. पोरायले हात नाई लावू देला.

रिसेप्शन संपेपर्यंत चौघं हात हालवत होते. एक बाई येऊन म्हने, "किती गोड वाजवता जी तुमी!" मोठेबाबानं हात जोडले.

दुसऱ्या दिवशी गज धुतले, वाळवले, राळ घासू घासू बोटं सोलले. तार बोलेच ना. आता केस नवे बसवा लागते, नागपूरले. मी म्हनलं चला मोठेबाबा, मी येतो संग. तेवढ्यात नागसेन धावत आला. निकेशनं अख्ख्या सीझनचं बुकिंग देलं होतं.

"मी नाई जात पुन्याले, बाबा!"

"मंग नागपूरले जाऊन केस..." मोठेबाबा म्हने.

"काहाले? निकेशले असेच गज पायजे."

मोठेबाबानं गज पेटीत ठेवून देले. पोरगा राह्यला होता ना. तेच तं पायजे होतं त्यायले.

आता रोज संध्याकाळी चौघं अंगनात उभे राह्यते. मोबाइलवर गानं लावते, अन् मोठेबाबा मान हालवून सांगते, कोनाचा गज कवा वर, कवा खाली. हात एकदम बराबर पडते सगळ्यायचे. आवाज मोबाइलचा.

"बाबा, तोंड नका पाडू, फोटोत येते," रोशनी म्हनते.

मंग मोठेबाबा हसते. मले नाई पाहवत यार.