काळी गाडी तुझ्यावरच शोभते

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बाबांना नाही, होस्टेलवर शेजारच्या कॉटवर झोपणाऱ्या मित्रालाही नाही. दोनतीनदा अगदी तोंडाशी आलं होतं — एकदा तर मामीसमोरच — पण मी विषय बदलला. विषय बदलणं मला चांगलं जमतं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटतं. खरंच सोपं जाईल का? बघतो.

गोष्ट दोन मोटारसायकलींची आहे. म्हणजे — तिथून सुरुवात करणं मला बरं पडतं.

मी केळझरजवळच्या एका खेड्यातला. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. वर्ध्याला इंजिनिअरिंगला नंबर लागला तेव्हा तिथल्याच पिपरी मेघेच्या मामांनी, म्हणजे आईच्या मोठ्या भावाने, फोन केला, "पोराले इकडंच पाठव. सुमितच्या खोलीत राहीन." सुमित म्हणजे मामांचा एकुलता एक मुलगा, माझ्याच वयाचा. मामा सरकारी कचेरीत क्लार्क. घरात फिल्टरचं पाणी, बैठकीत सोफा. होस्टेलवर येण्याआधी मी तीन वर्षं त्या घरात राहिलो, मामीच्या हातचं जेवलो. हे आधी सांगून ठेवतो.

सुमित बुटका होता. पण त्याच्यासमोर कुणी उंचीचा विषय काढत नसे, आणि काढायची गरजही नव्हती. कबड्डीच्या मैदानात तो धिप्पाड पोरांच्या काखेखालून निसटून मधली रेष गाठायचा. मंडळाचा सामना असला की सगळी पोरं त्याच्या चढाईचीच वाट बघत उभी राहायची. पाय म्हणजे नुसत्या स्प्रिंगा. तो मैदानात उतरला की मीसुद्धा ओरडायचो — मनापासून ओरडायचो, खोटं कशाला सांगू.

मामांनी त्याला कबूल केलं होतं की पदवी झाली की गाडी. त्याला साधी गाडी नको होती, नेकेड बाईक हवी होती. जिला समोर काच नसते, अंगावर प्लास्टिकचं कवच नसतं, इंजिन आणि नळ्या सगळ्या उघड्या दिसतात, तशी. जोरदार. दोन गाड्यांवर त्याचं मन अडकलं होतं. एक काळी, एक राखाडी. आणि आमच्याकडे पद्धत अशी, की मोठी वस्तू घ्यायची तर एखादा जाणकार सोबत न्यायचा. जाणकार मी. मेकॅनिकलला होतो ना. तो मला सगळ्यांसमोर 'परफेसर' म्हणायचा, पण त्या दिवसांत रोज रात्री मोबाईल घेऊन माझ्या गादीवर येऊन बसायचा.

मी ती तुलना प्रामाणिकपणे केली. हे महत्त्वाचं आहे, म्हणून सांगतो. काळीचं इंजिन मोठं. मूठ जराशी पिळली तरी ती पुढे उसळायची. वजन जास्त, तेही वरच्या अंगाला. सीट उंच. मोकळ्या रस्त्यावर तिच्यासारखी गाडी नाही, पण गर्दीत हळू चालवायची, थांबवायची, वळवायची म्हणजे पाय जमिनीवर पक्के हवेत. राखाडी थोडी कमी ताकदीची, पण क्लच मऊ, सीट खाली, वजन जमिनीजवळ. उन्हाळ्यात तिची गरमी मांड्यांना लागत नाही. हायवेवर दोन्ही सारख्याच पळतात. सुमितसाठी राखाडी. मला यात एक क्षणही शंका नव्हती. ज्या दिवशी आम्ही नागपूरला शोरूममध्ये गेलो, त्या दिवशीही नव्हती.

मग?

आता ते फाटकाचं सांगावं लागेल.

त्याच्या आदल्या वर्षी बाबा मला भेटायला आले होते. एसटीने, खांद्यावर तुरीच्या डाळीचं पोतं. ती डाळ मामीसाठी होती. स्वच्छ शर्ट घालून निघाले असतील, पण स्टॅंडवरून चालत आल्यामुळे तो पाठीला चिकटला होता. फाटकाशी सुमित आणि त्याचे मित्र गाड्या लावून उभे होते. मीही तिथेच होतो. रोशन नावाच्या मित्राने विचारलं, "कोण बे हा?" आणि सुमितने मान न वळवता सांगितलं, "वावरातला गडी आहे आमच्या. डाळ आणून देते."

बाबांनी ऐकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी — मी मोबाईलकडे पाहिलं.

त्यांनी पोतं आत नेऊन ठेवलं. मामी घरात नव्हती. अंगणातल्या नळाचं पाणी प्यायले, चेहऱ्यावर मारलं. जाताना मला एवढंच म्हणाले, "येतो मी. अभ्यास करजो." सुमितच्या मित्रांसमोर त्यांनी मला नावाने हाकही मारली नाही. कुणाची लाज राखत होते ते? माझीच ना?

त्या दिवसापासून मी सुमितसोबत हसत होतो, जेवत होतो, एकाच खोलीत झोपत होतो, आणि वाट बघत होतो. कशाची, हे मलाही ठाऊक नव्हतं. राग गरम असतो असं म्हणतात. माझा नव्हता. तो थंड होता आणि त्याला घाई नव्हती.

शोरूममध्ये दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. सुमित आधी राखाडीवर बसला, बाहेर एक चक्कर मारून आला. मग काळीवर बसला. ती साइड स्टॅंडवर होती. गाडी अशी उभी असली की डावीकडे झुकते, डावा पाय आपोआप टेकतो, आणि बसणाऱ्याला वाटतं की जमलं. उजवा पाय हवेत होता. त्याने तो पाय ठेवायच्या पेगवर ठेवला, जणू मुद्दामच ठेवला आहे. आरशात स्वतःला पाहिलं. फोटो काढायला सांगितला. मी काढला. मग म्हणाला, "हिची टेस्ट तूच मार बे. तुले इंजिनातलं समजते."

त्याने ती का चालवली नाही हे मला कळलं होतं. शोरूममध्ये गाड्या दाखवणाऱ्या मुलीलाही कळलं होतं. मी चक्कर मारून परत आलो तेव्हा सुमित बाहेर फोनवर बोलत होता. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "सर, तुमच्या भावाला ही उंच पडते. मी बोलले तर त्यांना वाईट वाटेल. तुम्ही सांगाल का? आणि हीच घ्यायची असेल तर सीट खाली करून मिळते, तेवढं तरी सांगा."

मी म्हणालो, "सांगतो."

सुमित आत आला. मला हात धरून टायरांच्या रॅकमागे घेऊन गेला. आणि त्याने असा आवाज काढला, जो मी तीन वर्षांत कधी ऐकला नव्हता. लहान मुलासारखा.

"खरं सांग. मजाक नको करू. माह्याच्यानं सांभाळल्या जाईन का काळी?"

हाच तो क्षण. याच्याभोवती मी इतका वेळ फिरतो आहे. त्याने विचारलं होतं. माझ्यासारख्याला विचारलं होतं, आणि त्याला खरं उत्तर हवं होतं — कदाचित 'नाही' हेच उत्तर हवं होतं, म्हणजे त्याला स्वतःला ते म्हणावं लागलं नसतं. मी 'राखाडी घे' म्हटलं असतं तर त्याने दोन शिव्या देऊन राखाडी घेतली असती, हे मला आजही पक्कं ठाऊक आहे.

मी म्हणालो, "तू कबड्डी खेळते लेका, आणि गाडीले भेते? राखाडी तं पोरी चालवतात. काळी तुझ्यावरच शोभते. आठ दिवसांत हात बसते."

त्याचा चेहरा उजळला. त्याने माझ्या पाठीत थाप मारली. सीट खाली करून मिळते, हे मी सांगितलं नाही. त्या मुलीने लांबून माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली — 'सांगितलं' अशी.

मला काय हवं होतं? त्याने मरावं असं नाही. त्याने पडावं. लोकांसमोर पडावं, आणि त्याच्या मित्रांनी हसावं. एवढंच, असं तेव्हा वाटलं. जड गाडी पडते तेव्हा ती माणसाला विचारून पडत नाही, हे मेकॅनिकलच्या पोराला माहीत नव्हतं का? माहीत होतं.

काही आठवड्यांनी एका रविवारी सकाळी आम्ही पोरं हायवेवरच्या जाम गावी तर्रीपोहे खायला निघालो. सुमित काळीवर, एकटाच. मी मागून रोशनच्या गाडीवर. जामच्या चौकाजवळ टपरीपाशी रस्त्याची कड उजवीकडे उतरती आहे, खाली बारीक गिट्टी पसरलेली. मी लांबूनच पाहिलं की तो तिथेच थांबणार आहे. हाक मारता आली असती. हॉर्न वाजव म्हणून रोशनला सांगता आलं असतं. मी पाहत राहिलो. तो थांबला, उजवा पाय खाली सोडला, आणि पायाला जमीन लागलीच नाही.

गाडी सावकाश कलली. टपरीवरचं कुणीतरी हसलंही. आणि माझ्या मनात आलेला पहिला शब्द होता — 'पडला'. त्या शब्दासोबत छातीत जे उमललं त्याला आनंद म्हणतात. दुसरं नाव शोधून पाहिलं, सापडलं नाही. मग तो ओरडला. त्याचा घोटा गाडीखाली होता आणि तापलेलं इंजिन नडगीला टेकलं होतं.

गाडी मीच उचलली. सगळ्यांत आधी मीच धावलो होतो. लोक त्याचंही कौतुक करतात.

दवाखान्यात मामा माझ्यावर भडकले. "तू तं जाणकार म्हणून गेलता ना? तुले दिसलं नाई काय पोराचा पाय पुरत नाई म्हणून?" आता माझं बिंग फुटणार, असं वाटलं. तेवढ्यात पलंगावरून सुमितच बोलला, "त्याले काऊन बोलून राह्यले बाबा? त्यानं बरोबरच सांगतलं होतं. गिट्टीवर थांबलो, मीच येडा."

मामी दवाखान्यात थांबली. मी घरी आलो, खिचडी लावली आणि पोटभर जेवलो. दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

घोट्यात प्लेट बसली. सुमित चालतो, पण जिना उतरताना कठडा धरतो. मैदानाकडे तो जात नाही. सामना असला की खोलीची खिडकी लावून घेतो.

मी हे बाबांसाठी केलं, असं बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. बाबांसाठी करायचं असतं तर त्या दिवशी फाटकापाशीच झालं असतं. 'हे माझे बाबा' — एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? ते माझ्याने म्हणवलं नाही. त्याची शिक्षा मी सुमितला दिली, कारण त्याला देणं सोपं होतं.

गेल्या महिन्यात काळी विकली. समुद्रपूरकडचा एक उंच पोरगा बघायला आला होता. सुमितने मला मुद्दाम होस्टेलवरून बोलावून घेतलं, "तू ये, तुले बोलता येते गिऱ्हाइकाशी." पोराने पाय टाकला, गाडी सरळ उभी केली, दोन्ही तळवे जमिनीवर सपाट. अंगणात सुमित त्याच्याकडे — त्याच्या पायांकडे — बराच वेळ बघत होता. पोराने विचारलं, "भाऊ, खरं सांगा, काई खोट आहे का गाडीत? इतक्या लवकर काऊन विकून राह्यले?"

सुमित म्हणाला, "गाडी एक नंबर आहे. हा आमचा परफेसर, यानंच पसंत केली होती. आपल्यातच दम नव्हता." आणि हसून माझ्याकडे वळला, "हाओ ना बे?"

मी 'हाओ' म्हणालो. त्याच्यासोबत हसलो. आणि त्या हसण्यात मला अजूनही थोडी गोडी लागली.