पांढऱ्या टोपीचा मिस्त्री

शहाद्याच्या एका बागायतदाराची जुनी मोटार मी चालवायचो, तेव्हाचा हा मिस्त्री. इंजिनातून तेल गळतंय म्हटलं, की डोक्यावरची पांढरी टोपी काढून तो आधी मोटारीखाली सरकवायचा. डाग कुठे पडतो ते बघून गळती शोधायचा. दुरुस्ती झाली, की टोपीची कोरी बाजू वर करून पुन्हा तिथेच ठेवायचा. ‘झालं’ असं मात्र कधी म्हणाला नाही. नुसतं, “देखूत,” म्हणजे बघू. त्या ‘देखूत’ची मला धास्तीच बसली होती.

महायुद्धामुळे सुटे भाग मिळेनात आणि मालक तर बायकोमुलांसह घाट ओलांडून धडगावला निघालेले. मिस्त्रीने स्वतःच्या नव्या चपलेचं कातडं कापून इंजिनाच्या तळाशी गळतीवर बसवलं आणि अनवाणीच फूटबोर्डावर चढला. गाडी मागे घसरलीच तर चाकामागे टाकायला काखेत बाभळीचा ठोकळा. घाटभर मी दरीकडे बघायचं टाळलं. त्याच्याकडे बघितलं तर त्याचे ओठ पुटपुटत होते.

माथ्यावर त्याने टोपी मोटारीखाली सरकवली. बऱ्याच वेळाने काढली, ती कोरी होती.

“आता तरी झालं ना?” मी विचारलं.

ठोकळा पुन्हा काखेत मारत तो म्हणाला, “भाऊ, आजून उतरनं बाकी शे.”