मिटलेला डोळा

घड्याळकाकांचा उजवा डोळा म्हणजे त्या गल्लीतलं आठवं आश्चर्य. पस्तीस वर्षं त्याला भिंग लावून आणि डावा घट्ट मिटून ते मनगटी घड्याळांची पोटं उघडत आले होते. शुगर निघाल्याला अकरा वर्षं झाली होती. गोळ्या आठवतील तेव्हा आणि गोड मात्र आठवणीने. डॉक्टरांनी वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यायला सांगितलं, की काका उखडायचे.

"थेंब घालतात आणि दिवसभर सगळं धूसर! दुकान कोण बघणार? केसाएवढी स्प्रिंग दिसते मला. माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय!"

काकूंनी वाद घालणं केव्हाच सोडून दिलं होतं.

एका सकाळी घड्याळातली धूळ फुंकताना कण उजव्या डोळ्यात गेला. काकांनी तो चोळत मिटला आणि डावा उघडला. समोरच्या भिंतीवर चाळीसेक घड्याळं टांगलेली होती, त्यातली मधली दिसेनात. मधोमध नुसता काळपट डाग आणि कडेला कुठेतरी हलणारे लंबक. त्यांनी डोळा रुमालाने पुसला, पुन्हा पाहिलं. डाग जागचा हलेना. भिंत नुसती टिकटिकत होती. डोळा कधी गेला याचा त्यांना पत्ताच नव्हता. ना दुखला, ना लाल झाला. कामाला उजवाच लागायचा, म्हणून डाव्याची चौकशी कोणी केलीच नाही.

त्याच दुपारी काकू त्यांना हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. थेंब घातले, तपासणी झाली.

"शुगरमुळे डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या खराब झाल्यात," डॉक्टर म्हणाले. "डाव्यात रक्त उतरलंय. त्याची नजर फारशी परत येईल असं वाटत नाही."

"आणि उजवा?" काकांनी विचारलं.

"त्यातही सुरुवात झालीय. पण मधला भाग अजून शाबूत आहे. लेसर करू. शुगर सांभाळलीत आणि बोलावू तेव्हा आलात, तर तो टिकायची आशा आहे. दोन वर्षांपूर्वी आला असतात, तर बहुतेक दोन्ही वाचले असते."

डॉक्टरांनी सहज काकूंकडे वळून विचारलं, "तुम्हाला आहे का शुगर?"

"आहे की, चार वर्षं झाली. पण डोळे नाही दाखवले कधी. हेच म्हणायचे, कशाला उगाच खेटे घालायचे."

स्वतःचा डोळा गेल्याचं ऐकून वाटली नव्हती एवढी भीती आता काकांना वाटली. "हिचे आत्ताच बघा," ते हात जोडून म्हणाले.

बाहेरच्या बाकावर ते एकटे बसले. थेंबांमुळे समोरचं दारही नीट दिसत नव्हतं. आपण आपला डोळा घालवला तो घालवला, हिलाही आपल्याच हाताने खड्ड्यात ढकललं की काय? दार उघडलं. डॉक्टरांचा चेहरा पांढुरका, पुसट. त्यावरून काही कळेना.

"बाईंच्या डोळ्यांत अजून काही नाही. पण दरवर्षी आणायचं, चुकवायचं नाही."

काका बाकावरच हुंदके देऊन रडायला लागले. काकू घाईघाईने शेजारी येऊन बसल्या.

"अहो, माझे चांगले आहेत म्हणतायत ते. रडताय काय असे?"

काकांनी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला.