बाराच्या पुढचे आकडे

भास्कर गेल्याचं कळलं तेव्हा मी जवळा बाजारच्या माझ्या धान्याच्या आडतीवर एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होतो. कुसुमवहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले. सकाळी सातच्या सुमारास." मला आधी रागच आला. माणूस गेला तरी त्या घरात 'सुमारास'च... रडू नंतर आलं. दीड महिना झाला, दोन्ही अजून एकमेकांत अडकलेली आहेत.

शिरड शहापूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तो पुढे विज्ञानाचा सर झाला. मी नववीत शाळा सोडली, पोती वाहिली आणि त्याच पाठीवर आडत उभी केली. सुरुवातीला माझ्याकडे ओल मोजायचं यंत्र नव्हतं. सोयाबीनचा दाणा दाढेखाली धरायचा. कट् वाजला तर वाळलेला, चेमटला तर ओला. दाणा फोडून मी सांगायचो, "बारा टक्के," आणि लोक ऐकायचे. मग दिवस बदलले. मी यंत्र आणलं, दशांशानंतर दोन आकडे दाखवणारं. त्या दोन आकड्यांचा मला फार अभिमान होता. त्यांच्यापुढे कुणी घासाघीस करत नसे.

आठ वर्षांपूर्वी बापूराव नावाच्या शेतकऱ्याचा माल आला. यंत्र म्हणालं, १२.३७. बाराच्या वर ओल म्हणून मी भाव पाडला. भास्कर बाकड्यावर चहा पीत होता. म्हणाला, "किसन, त्याच पोत्यातून अजून दोनदा मोज." मोजलं. ११.८२. मग १३.०५. बापूराव मोठ्यानं हसला. "शेठ, मशीनबी तुमच्यावानीच भाव करून राहिली का!" सगळी आडत हसली.

"मंग खरं किती?" मी ओरडलो.

"बाराच्या आसपास. पुढचे आकडे यंत्राला दाखवता येतात, पण ते त्याला माहीत नसतात."

"म्हंजे मी लबाड?"

"मी आकड्याबद्दल बोलून राहिलो लेका, तुझ्याबद्दल न्हाई."

"चारचौघांत बोलायची गरज काहून पडली? ऊठ, चालता हो!"

तो उठला. चहा अर्धाच राहिला होता.

त्यानंतर आमचं बोलणं तुटलं, पण येणं तुटलं नाही. दर दिवाळीच्या आधी तो आपल्या चार एकरांतलं सोयाबीन माझ्याच आडतीवर आणायचा, दुसरीकडे कधी गेला नाही. यंत्र लावायच्या आधी एक दाणा माझ्या हातावर ठेवायचा. "आधी दातानं सांग," एवढंच बोलायचा. मी रागानं फोडायचो. "बारा." कधी "तेरा." मग यंत्र तीनदा लावायला लावून तो एका वहीत काहीतरी लिहायचा आणि निघून जायचा. मला वाटायचं, माझी थट्टा करतोय. आठ वर्षं मी हेच धरून बसलो.

चौदाव्यानंतर वहिनींनी ती वही दिली. दर वर्षाच्या ओळीत यंत्राचे तीन आकडे होते आणि दशांशानंतरचं सगळं खोडलेलं होतं. शेजारी 'किसनची दाढ : १२', कुठे '१३'. सगळ्यांत खाली बारीक अक्षरात, 'याला दशांश लागत नाही.' ही शाबासकी, की टोमणा? वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला तर ते कधी घड्याळसुद्धा नीट सांगत नव्हते."

शेवटी वही घेऊन मी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या नव्या बाईंकडे गेलो. त्यांनी फळ्यावर सार्थ अंक समजावले. बारा लिहिलं तर आपल्याला बारापर्यंतच खात्री आहे, बारा पूर्णांक शून्य लिहिलं तर जास्त खात्रीचा दावा आहे. मी म्हणालो, "बाई, आडतीत नुसत्या शून्याला कुणी विचारत न्हाई, तुमच्याकडं त्यालाच एवढा मान?" त्या हसल्या आणि पुन्हा समजावलं. फळ्यासमोर मला सगळं पटलं होतं. जवळा बाजारला पोचेपर्यंत काहीच राहिलं नाही. एवढंच डोक्यात उरलं, की ज्याची खात्री नाही ते लिहायचं नाही. मग माझ्याबद्दल त्यानं जे लिहिलं, त्याची त्याला खात्री होती का?

यंत्राच्या दशांशावर आता मी चिकटपट्टी लावली आहे. लोक विचारतात, "शेठ, हे काहून झाकलं?" मी पुढचं पोतं उघडतो. त्याच्या शेतातलं मूठभर सोयाबीन वहिनींनी वहीसोबत दिलं होतं. ते गल्ल्याशेजारी डब्यात ठेवलंय. आडत बंद करताना त्यातला एक दाणा दाढेखाली धरतो. उजवीकडची दाढ पडली, म्हणून डावीकडे. कट् असा आवाज येतो. बारा, मी म्हणतो... आणि बाकड्याकडे बघतो.