भावोजींचं बिनगव्हाचं हॉटेल

माझे भावोजी रंगाच्या दुकानात शेड जुळवायचे. लोक काय काय घेऊन यायचे त्यांच्याकडे! कुणी भिंतीचा निघालेला पोपडा, कुणी जुन्या दाराची ढलपी. एका बाईंनी तर नवऱ्याच्या स्वेटरचं बटण आणलं होतं, म्हणे झोपायच्या खोलीला हाच रंग पाहिजे. भावोजी ती वस्तू उजेडात धरायचे, चष्मा कपाळावर सारायचे आणि पांढऱ्या रंगात एकेक थेंब टाकत ढवळायला लागायचे. पुठ्ठ्यावर एक पट्टा ओढला की तो वाळेपर्यंत अवाक्षर काढायचे नाहीत. “ओला रंग खोटं बोलतो,” म्हणायचे. पुढे दुकानात मशीन आलं, बटण दाबलं की रंग तयार. तरी जुनी गिऱ्हाइकं भावोजींच्याच समोर येऊन उभी राहायची.

ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, शाळेत भूमिती शिकवते. घरात ती बोलकी, भावोजी मुखदुर्बळ. संसार चारचौघांसारखा. तिने रांधायचं, त्यांनी मान खाली घालून खायचं. फक्त शनिवारी दुपारी दोघं दुकानामागच्या गल्लीतल्या एका हॉटेलात जेवायला जायची. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात सुरू झालेला हा नेम सव्वीस वर्षं चालला. मी एकटी, त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते, त्यामुळे अधूनमधून माझीही वर्णी लागायची. खिडकीजवळचं टेबल आणि ठरलेल्या तीन गोष्टी: मक्याचं दाट सूप, लसूण घातलेल्या झणझणीत नूडल्स आणि बुडाशी खरपूस, वरून मऊ अशा भाजी भरलेल्या पुरचुंड्या. मेन्यूकार्ड आमच्यापैकी कुणी कधी उघडल्याचं मला आठवत नाही.

मग ताईचं पोट बिघडायला लागलं. वर्षभर नुसतं तेच. वजन उतरलं, कपडे अंगावर लोंबायला लागले, दोन जिने चढून वर्गात पोचली की तिला खुर्ची शोधावी लागायची. प्रत्येकाने आपापली अक्कल पाजळली. कुणी म्हणालं दगदग, कुणी म्हणालं वय. शेवटी रक्त तपासलं, मग दुर्बीण घालून आतड्याचा कणभर तुकडा काढून तपासला, आणि डॉक्टरबाईंनी समोर बसवून सांगितलं, “गव्हातलं ग्लुटेन तुमच्या आतड्याला सोसत नाही. गहू, मैदा, रवा, ब्रेड, बिस्किटं, सगळं बंद.”

“किती दिवस?” भावोजींनी विचारलं.

“दिवस नाही. कायमचं.”

सिद्धता झाली की प्रमेय मान्य करायचं, तसं ताईने ते मान्य केलं. घरचं जेवण सांभाळणं तिला जड गेलं नाही. तांदूळ होता, डाळी होत्या, भाज्या होत्या. पण शनिवार आला, भावोजींनी चपला पायात सरकवल्या आणि ती जागची हलली नाही.

“तुम्ही या जाऊन. मी तिथे काय, पाणी पीत बसू?”

भावोजी एकटे गेले नाहीत. चपला काढून परत आत आले. असे पाच-सहा शनिवार गेले. ती वह्या तपासत बसायची आणि हे उगाच खिडकीची कडी घट्ट कर, नळाला चिंधी बांध, असं काहीबाही करत फिरायचे.

एका शनिवारी मी गेले तर भावोजी स्वयंपाकघरात. उभ्या जन्मात ज्या माणसाने दूध उतू जाताना गॅस बंद केला नाही, तो कपाळाला पीठ लावून उभा!

“मेहुणीबाई, इसबगोल कुठे मिळतं हो?”

“का? पोट साफ होत नाही?”

“पिठात घालायला,” ते अगदी गंभीरपणे म्हणाले. “गहू नाही म्हटल्यावर पीठ धरून राहत नाही. इसबगोलाने चिकटपणा येतो, असं वाचलंय.”

त्यांनी ठरवलं होतं की ते तिन्ही पदार्थ घरी करायचे. गव्हाशिवाय, आणि हुबेहूब. त्यासाठी एक वही केली. त्यात तारीख, पिठाचं नाव, किती चमचे, किती मिनिटं, पुढे ताईचा शेरा. जुनं लाटणं आणि चाळणी त्यांनी बाजूला केली, कारण लाकडात आणि जाळीत गहू अडकून राहतो, नवी आणली. सूप सगळ्यांत आधी जमलं. हॉटेलवाले त्याला मैदा लावायचे, यांनी मक्याचं पीठ लावलं. पुरचुंड्यांनी मात्र छळ मांडला. तांदळाच्या पिठाची पारी लाटली की कडेने भेगा, आणि लाटणं उचललं की पारी त्याच्यासोबत वर. वाफवायला ठेवलेल्या पुरचुंड्या उघडून बघितल्या तर आत भाजी एकीकडे आणि पीठ दुसरीकडे, जसं काही भांडण झालंय.

दर शनिवारी ताईपुढे बशी यायची आणि भावोजी समोर खुर्ची ओढून बसायचे.

“कसं झालंय?”

“छान.”

“छान म्हणजे तस्सं? का जवळपास? मिरी पुढे येतेय का? गार होऊ दे थोडं, मग सांग.”

आणि पेन उघडून वाट बघायचे. मला हसू यायचं. एवढं बोलताना मी त्यांना सव्वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. ताईसुद्धा हसायची, पण लवकर जेवण आटपून उठायची. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग नूडल्सची पाळी आली. नूडल्स तांदळाच्या, लसूण ताजा, कढई बिडाची. रंग बरोबर उतरला. ताईने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. भावोजींनी वहीत काही लिहिलं नाही, नुसतं टोपण लावून पेन खिशात ठेवलं. इतके खूश होते.

संध्याकाळी ताईच्या पोटात कळा सुरू झाल्या. रविवारभर ती आडवी होती, सोमवारी शाळेत जाऊ शकली नाही. भावोजींनी फडताळातली एकेक वस्तू काढून ओट्यावर मांडली आणि भिंग घेऊन वाचत सुटले. सोया सॉसच्या बाटलीमागे, मुंगीएवढ्या अक्षरात, सोयाबीनच्या पुढचा शब्द होता: गहू.

मी गेले तेव्हा ते ती बाटली हातात धरून स्टुलावर बसले होते. “आयुष्यभर डब्यांवरची बारीक अक्षरं वाचून पोट भरलं मी,” ते म्हणाले, “आणि हिच्या ताटात घालताना वाचली नाहीत.”

“अहो, मला तरी कुठे माहीत होतं!” आतल्या खोलीतून ताई म्हणाली. “त्या काळ्या पाण्यात गहू असेल असं कुणाच्या डोक्यात येणार?”

पण त्यांचा हात धजेना. महिनाभर ते ओट्याकडे फिरकले नाहीत. शेवटी मीच म्हटलं, “भावोजी, त्या हॉटेलच्या आचाऱ्यालाच विचारू या की. तो काय खाणार आहे आपल्याला?” अनोळखी माणसाशी बोलायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं, म्हणून मीही बरोबर गेले.

दुपारी चारची वेळ. मागच्या दाराशी आचारी उपड्या क्रेटवर बसून लसूण सोलत होता. धिप्पाड गडी, हातावर भाजल्याचे डाग. भावोजींनी वही उघडून त्याला सगळं दाखवलं. त्याने मन लावून वाचलं. बिनगव्हाचा सॉस कुठल्या दुकानात मिळतो ते सांगितलं. कढई पुरती तापेपर्यंत तिच्यात काही टाकू नका म्हणाला.

“पण काका, अगदी असंच घरी नाही व्हायचं. हा जाळ घरच्या शेगडीला कुठून आणणार? माझ्या घरी मलाच जमत नाही.” मग वही परत देताना म्हणाला, “काकूंना आमचं जेवण एवढं आवडायचं, हे मला आजच कळतंय. खरं सांगू? त्या खायच्या बेताचंच. पण नंतर बसून राहायच्या. बशा उचलल्या तरी अर्धा-अर्धा तास, खिडकीबाहेर बघत. पोरं कुरकुरायची, टेबल अडतं म्हणून. मी म्हणायचो, बसू दे रे.”

भावोजींनी मान डोलावली, पण त्यांचं लक्ष सॉसच्या दुकानाच्या पत्त्याकडे होतं. माझंही.

पुढच्या शनिवारी नूडल्स पुन्हा झाल्या. प्रत्येक बाटली दोनदा वाचून. ताईने भीतभीत एक घास खाल्ला, मग दुसरा. भावोजी समोर होतेच.

“कसं झालंय? तेव्हापेक्षा सॉस सौम्य लागतोय ना? का—”

ताईने बशी पुढे सारली. “अहो, पुरे करा!”

तिचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

“सव्वीस वर्षं मी दोन्ही वेळा रांधलं,” ती म्हणाली, “आणि पहिल्या घासाला तुमच्या तोंडाकडे बघत राहिले. मीठ बरोबर आहे का, तिखट झालंय का. तुम्ही हूं की चूं केलं नाहीत. शनिवारचा तेवढा एक तास मला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागायचं नाही. कुणी माझ्या तोंडाकडे बघायचं नाही. आयतं समोर यायचं आणि उठायची घाई नसायची. नूडल्स, नूडल्स काय घेऊन बसलात? मी काय नूडल्ससाठी जात होते तिथे?”

भावोजींच्या हातातलं पेन तसंच राहिलं. ते म्हणाले, “मग हे सगळं...”

“तुम्ही करता ते मला आवडतं हो,” ताईचा आवाज खाली आला. “पण मला परीक्षक करू नका. आठवडाभर शाळेत तेच करते मी.”

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. मीसुद्धा तिच्या हातचं किती वर्षं खाल्लं होतं. ‘वाढ गं अजून’ याच्यापलीकडे कधी काही म्हटल्याचं मला आठवेना.

भावोजी उठून स्वयंपाकघरात गेले. मला वाटलं, रागावले. पण भांड्यांचा आवाज यायला लागला. ती भांडी दर शनिवारी ताईच घासायची, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. नूडल्स यांच्या, आणि पिठाने बरबटलेला ओटा तिचा.

त्यानंतर वही बंद झाली असं नाही. भावोजी अजून तारखा आणि चमचे लिहितात, फक्त शेऱ्याचा रकाना त्यांनी काढून टाकला. शनिवारी ते वाढतात, स्वतःची बशी घेऊन बसतात आणि गप्प जेवतात. हा गप्पपणा आधीच्यासारखा नाही, एवढं मी सांगू शकते. आणि इतर दिवशी ताईने रांधलं की ते खाकरून, गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगतात, “आजचा भात मोकळा झालाय. भाजीला खमंगपणा आहे.” पहिल्यांदा हे ऐकून ताईला ठसका लागला होता.

पुरचुंड्या कित्येक महिने बिघडतच राहिल्या. एकदा भावोजी पीठ मळत होते आणि बाहेर वर्तमानपत्र वाचणाऱ्या ताईने मान वर न करता सांगितलं, “गार पाण्याने कसं जमेल? उकळतं घाला आणि झाकून ठेवा.” त्या दिवशी पारी पहिल्यांदा दुमडली. बुडं तेवढी अजून तव्याला चिकटतात.

ताईचं वजन भरून आलंय. शाळेचे दोन्ही जिने ती न थांबता चढते. डॉक्टरबाई वर्षातून एकदा बोलावतात आणि कागद बघून समाधानाने मान हलवतात.

गेल्या शनिवारी मी तिथेच होते. पुरचुंड्या फाटक्यातुटक्या, सूप बरं, नूडल्स मात्र फक्कड. भावोजी जेवण आटपून कढई घासायला गेले होते. ताई बसून राहिली होती, पाय समोरच्या खुर्चीवर टाकून, कशाकडेच न बघता. मग हात लांब करून तिने तिसऱ्यांदा नूडल्स वाढून घेतल्या. भावोजींची आमच्याकडे पाठ होती. मी त्यांना सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.