ताईच्या न दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट

मी अकोल्याला शाळेत विज्ञान शिकवते. असले अनुभव सांगणाऱ्यांना आजवर मीच प्रश्न विचारून गप्प केलंय... त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

माझी मोठी बहीण शोभाताई नांदगाव खंडेश्वरला असते. दोन वर्षं तिच्या अंगाला खाज सुटायची. तळहात, तळपाय रक्त निघेपर्यंत खाजवायची, पण पुरळ कुठेच नाही! मलमं झाली, साबण बदलून झाले. शेवटी घरातले म्हणू लागले, हिच्या मनाचेच खेळ आहेत. मीसुद्धा.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे होते. दुपारचे दोन वाजले असतील. ओट्यावर आम्ही दोघी मेथी निवडत होतो, भाऊजी पेपर वाचत होते. ताईचा फोन वाजला. हात मातीचे, म्हणून तिनं स्पीकर लावला.

"शोभाबाई, लॅबमधून बोलून राहिली. तुमचा रिपोर्ट आला. चामडीचं काई नाई, लिव्हरचं हाये. पित्ताच्या नळ्या खराब होऊन राहिल्या. पोटाच्या डॉक्टरले दाखवा."

"कोनता रिपोर्ट? मी तं रक्तच नाई देल्लं!" ताई म्हणाली. फोन बंद.

"कोनी मस्करी केली असंन," भाऊजी हसले. नंबर बघायला मी फोन हातात घेतला. यादीत सर्वांत वर माझाच कॉल, त्या सकाळी अकोल्याहून निघताना केलेला! त्यानंतर काहीच नाही. आम्ही तिघांनीही तो आवाज ऐकला होता...

ताईनं मात्र हट्टच धरला, "मले उद्याच अमरावतीले घेऊन चाल."

तपासण्या झाल्या. पीबीसी — लिव्हरमधल्या बारीक पित्तनलिका हळूहळू निकामी करणारा आजार. मुळासकट जात नाही, पण गोळ्यांनी रोखता येतो. "वेळेत आलात. कोणी पाठवलं?" डॉक्टरांनी विचारलं. "लॅबमधल्या बाईनं," ताई म्हणाली.

नांदगावच्या आणि अमरावतीच्या ओळखीच्या लॅबमध्ये मी स्वतः जाऊन विचारलं. त्या दिवसाआधी ताईचं नाव कुठेच नव्हतं.

आता खाज बरीच कमी आहे. मागच्या महिन्यात मी तिला विचारलं, "तुले त्या बाईचं लगेच खरं कावून वाटलं व?"

"दोन वर्षांत पयल्यांदा कोनीतरी म्हनलं, का मले खरंच काई झालं हाये."

तो फोन कोणाचा होता, हे मला आजही सांगता येत नाही... पण तो मी करायला हवा होता.